इंग्लंड–स्पेन युद्धातील हेरगिरी

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ (कार. १५५८–१६०३) आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप (कार. १५५६–९८) यांच्यात १५८५ मध्ये जुंपलेले व १६०४ मध्ये लंडनच्या तहाने संपलेले युद्ध आरमारी लढायांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या जोडीला चाललेले हेरगिरीचे युद्ध मात्र त्याहून जुने होते. सागरी युद्धास तोंड फुटण्यापूर्वी निदान दहा वर्षे ते सुरू होते. युद्ध रीतसर पुकारले न गेल्यामुळे शांतता व शत्रुत्व यांमधील सीमारेषा पुसट राहिली आणि राजदूत, व्यापारी, धर्मोपदेशक व निर्वासित या सर्वांनाच कमीअधिक प्रमाणात हेरांची भूमिका घ्यावी लागली. (या नोंदीतील इंग्लंडमधील घटनांच्या तारखा तत्कालीन इंग्लिश कालगणनेच्या आहेत. ती १५८२ मध्ये कॅथलिक देशांनी स्वीकारलेल्या ग्रेगरियन कालगणनेच्या दहा दिवस मागे होती. परदेशाहून आलेल्या बातमीपत्रावरील तारीख कोणत्या गणनेची, हे वाचणाऱ्यास प्रथम ठरवावे लागे.)

पार्श्वभूमी : सोळाव्या शतकात परक्या दरबारी कायमचा वकील ठेवण्याची प्रथा इटलीतून यूरोपभर पसरली. या वकिलाकडून आपल्या धन्याला नियमित बातमी पाठविण्याची अपेक्षा असे व ती कशी मिळविली याची फारशी चौकशी होत नसे. दुसरीकडे व्हेनिस, जिनोआ, अँटवर्प, रूआन अशा व्यापारी केंद्रांतील पेढ्यांना जहाजांची येजा, धान्याचे भाव आणि सरकारी कर्जे यांची खबर ठेवावीच लागे. शत्रूच्या बंदरात बिस्किटे, पिंपे व दोरखंड यांची मोठी खरेदी सुरू झाली, की व्यापाऱ्याला ती राजकारण्याच्या आधी कळे. धर्मसुधारणेच्या चळवळीने यात आणखी एक घटक आणला. इंग्लंडमधील अनेक कॅथलिक फ्रान्स, इटली व नेदर्लंड्समध्ये आणि फिलिपच्या अमलाखालील अनेक प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये आश्रयास गेले. या निर्वासितांना दोन्ही देशांच्या भाषा व चालीरीती अवगत होत्या आणि बहुतेकांना पैशांची चणचण होती. हेर मिळविण्यास याहून सोईची परिस्थिती क्वचितच आढळते.

कौटिलीय अर्थशास्त्रात वर्णिल्याप्रमाणे हेरांचे स्वतंत्र शासकीय खाते मात्र इंग्लंडमध्ये नव्हते. राणीचा प्रमुख सचिव आपल्या घरच्या कारकुनांकरवी, आपल्या ओळखीपाळखीच्या बळावर व पुष्कळदा आपल्याच खिशातून हे काम करवून घेई. या व्यवस्थेचे सामर्थ्य व तिचा दुबळेपणा या दोहोंचे मूळ येथेच आहे.

वॉल्सिंगहॅमची यंत्रणा : सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम (सु. १५३२–९०) हा १५७३ च्या अखेरीस प्रमुख सचिव झाला. तत्पूर्वी तो पॅरिस येथे राजदूत असताना ऑगस्ट १५७२ मध्ये सेंट बार्थॉलोम्यू दिनाची प्रॉटेस्टंटांची कत्तल त्याच्या डोळ्यांदेखत झाली. कॅथलिक सत्ता एकत्र येऊन इंग्लंडचा घास घेणार, ही त्याची खात्री त्या अनुभवाने पक्की झाली व पुढे ती कधीच ढळली नाही. या कामासाठी सरकारी तिजोरीतून नियमित रक्कम मिळण्यास १५८२ मध्ये प्रारंभ झाला आणि दशकाच्या उत्तरार्धात ती वर्षाला सुमारे २,००० पौंडांपर्यंत गेली. एका आरमारी मोहिमेच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य होती.

त्याच्या पदरी असलेल्या माणसांत टॉमस फेलिप्स हा सांकेतिक लिपी उलगडण्यात निष्णात होता. लंडनच्या जकात अधिकाऱ्याचा हा मुलगा ठेंगणा, देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा व मंद दृष्टीचा होता, असे वर्णन मिळते. आर्थर ग्रेगरी हा लाखेची मोहोर न बिघडवता पत्र उघडून ते पुन्हा जसेच्या तसे बंद करण्यात वाकबगार होता. उरलेले बहुतेक हेर तात्पुरत्या कामगिरीवर नेमलेले असत : धाडसी विद्यार्थी, कर्जबाजारी सरदारपुत्र, तुरुंगातून सुटका हवी असलेले कैदी, क्वचित धर्मगुरूही. नाटककार क्रिस्टोफर मार्लो यानेही अशी काही सेवा केली असावी, कारण केंब्रिज विद्यापीठाने त्याची पदवी रोखू नये म्हणून १५८७ मध्ये राणीच्या मंत्रिमंडळाने त्याच्या राष्ट्रसेवेची ग्वाही दिली होती. ती सेवा कोणती, याचा मात्र त्या पत्रात उल्लेख नाही.

पत्रे व सांकेतिक लिपी : हेरगिरीचा मुख्य व्यवहार पत्रांभोवती फिरे. अदृश्य शाईसाठी लिंबाचा रस, दूध व तुरटीचे पाणी वापरीत. कागद शेकल्यावर किंवा भिजविल्यावर अक्षरे उमटत. ही युक्ती सर्वांस ठाऊक असल्याने तिचा भरवसा थोडाच होता. अधिक महत्त्वाच्या मजकुरासाठी प्रत्येक अक्षराला एक चिन्ह, वारंवार येणाऱ्या नावांना व शब्दांना स्वतंत्र चिन्हे आणि शत्रूला चकविण्यासाठी काही निरर्थक चिन्हे, अशी मिश्र लिपी प्रचारात होती. एखाद्या भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते हे ठाऊक असलेल्या चिकाटीच्या माणसाला ती उलगडता येई. डच बंडखोरांचा नेता फिलिप व्हान मार्निक्स याने १५७७ मध्ये अशाच रीतीने स्पॅनिश पत्रे वाचून इंग्लंडवरील स्वारीच्या बेताची माहिती वॉल्सिंगहॅमला पुरविली.

या तंत्राचे सर्वांत परिणामकारक व तितकेच वादग्रस्त उदाहरण म्हणजे स्कॉट राणी मेरी स्ट्यूअर्ट हिचे प्रकरण होय. १५६८ पासून इंग्लंडमध्ये नजरकैदेत असलेली मेरी ही इंग्लंडच्या गादीची कॅथलिक वारस असल्याने एलिझाबेथविरुद्धच्या प्रत्येक कटाचे केंद्र ठरत होती. फ्रान्सिस थ्रॉकमॉर्टन यास १५८३ मध्ये पकडून, शरीर ताणण्याच्या यंत्रावर चढवून त्याच्याकडून असा एक कट वदवून घेण्यात आला. त्यात गुंतलेला स्पॅनिश राजदूत बेर्नार्दिनो दे मेंदोसा यास जानेवारी १५८४ मध्ये देशाबाहेर घालविण्यात आले. यानंतर मेरीचा सर्व पत्रव्यवहार तोडण्यात आला.

डिसेंबर १५८५ मध्ये गिल्बर्ट गिफर्ड हा कॅथलिक तरुण राय बंदरात उतरताच पकडला गेला आणि वॉल्सिंगहॅमच्या सेवेत शिरला. मेरी तेव्हा स्टॅफर्डशरमधील चार्टली येथे होती. तेथे बर्टनहून बिअरची पिंपे येत. पिंपाच्या बुचात बसेल अशा जलाभेद्य नळीतून पत्रे आतबाहेर नेण्याची योजना गिफर्डने मेरीच्या गळी उतरविली. प्रत्यक्षात प्रत्येक पत्र तिचा पहारेकरी सर एमिअस पॉलेट याच्या हाती पडे, फेलिप्स ते उलगडी व ग्रेगरीने पुन्हा मोहोरबंद केलेले पत्र पुढे जाई. पॉलेट ज्याचा उल्लेख ‘प्रामाणिक मनुष्य’ असा करी, तो बिअरवाला दोन्ही पक्षांकडून पैसे घेत होता. इतके मिळूनही त्याने मध्येच बिअरचा भाव वाढवून मागितला, अशी तक्रार पॉलेटच्या पत्रांत आहे.

अँथनी बॅबिंग्टन या तरुण जमीनदाराने ६ जुलै १५८६ च्या पत्रात परकीय स्वारी, मेरीची सुटका आणि एलिझाबेथचा वध हे तिन्ही बेत मेरीस कळविले. मेरीने १७ जुलैच्या उत्तरात या योजनेच्या तपशिलाची चर्चा केली. त्या उत्तराची प्रत पाठविताना फेलिप्सने तिच्यावर फाशीच्या खांबाचे चित्र काढले. यापुढे मात्र त्याने हेराची मर्यादा ओलांडली. वध करणाऱ्या सहा जणांची नावे विचारणारा ताजा कलम त्याने मेरीच्याच लिपीत रचून मूळ पत्रास जोडला. बॅबिंग्टन व त्याचे साथीदार सप्टेंबर १५८६ मध्ये आणि मेरी ८ फेब्रुवारी १५८७ रोजी वधस्तंभाकडे गेली. मेरीच्या खटल्यात हा ताजा कलम पुराव्यात आणला गेला नाही. तिचे उत्तर त्याच्याशिवायही पुरेसे दोषास्पद होते, असे बहुसंख्य इतिहासकार मानतात. हे मत ग्राह्य धरले, तरी खुद्द न्यायालयापासून एक बनावट लपविली गेली, ही वस्तुस्थिती उरते. कटाचा शोध घेणे आणि कट वाढू देणे यांतील अंतर वॉल्सिंगहॅमने येथे जाणूनबुजून पुसले, असेच म्हणावे लागते.

आर्मेडाची पूर्वसूचना : स्पेनच्या स्वारीच्या तयारीची बातमी मिळविण्यासाठी वॉल्सिंगहॅमने १५८७ मध्ये एक टाचण तयार केले. पॅरिसमधील व्हेनिसच्या वकिलाकडून जमेल ते काढून घ्यावे. स्पेनहून नँट, ल हाव्र व दिएप येथे येणाऱ्या प्रवाशांच्या बातम्यांसाठी रूआनमध्ये माणूस ठेवावा. फ्रेंच, फ्लेमिश वा इटालियन अशा दोघांना स्पेनच्या किनाऱ्यावर फिरवावे व त्यांना हुंड्या द्याव्यात. माद्रिदच्या दरबारात दोघे आणि ब्रुसेल्स व लायडन येथे आणखी काही असावेत, अशी ती कलमे आहेत. टाचणातील एकही मार्ग अद्‌भुत नाही. एका गोष्टीची बातमी अनेक ठिकाणांहून यावी, म्हणजे ती पडताळता येईल, हे त्यामागचे सूत्र होय. तीन हेरांच्या वार्ता जुळल्या तरच विश्वास ठेवावा, हा कौटिल्याचा नियम येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या जाळ्यातील सर्वांत मोलाचा हेर अँथनी स्टँडन हा होता. पोंपेओ पेलेग्रिनी या नावाने फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या या इंग्लिश कॅथलिकाची माद्रिदमधील तस्कनीच्या राजदूताशी मैत्री होती. त्याने एका फ्लेमिश माणसाला लिस्बनला धाडले. त्या माणसाचा भाऊ स्पॅनिश नौसेनापती मार्क्विस सांता क्रूझ याच्या पदरी होता. या वाटेने जहाजे, सैनिक व शिधासामग्री यांची खुद्द सेनापतीच्या दप्तरातील मोजदाद लंडनला पोहोचली. स्टँडनला १०० पौंडांचे वर्षासन मिळाले. पुढे वॉल्सिंगहॅमने जिनोआच्या सावकारांच्या हुंड्या अडवून आर्मेडा वर्षभर लांबविली, अशी एक कथा रूढ झाली. तिला समकालीन आधार नाही. आर्मेडा लांबली ती फ्रान्सिस ड्रेकने एप्रिल १५८७ मध्ये कादिझ बंदरात जाळलेली जहाजे व त्यानंतर नष्ट केलेल्या पिंपांच्या फळ्या यांमुळे आणि खुद्द स्पेनच्या अव्यवस्थेमुळे. फळ्यांचे नुकसान वरवर क्षुल्लक वाटले, तरी सुकलेल्या लाकडाची पिंपे नसल्याने पुढील वर्षी आर्मेडाचे अन्नपाणी नासले.

याच काळात इंग्लंडच्या यंत्रणेला आतूनच कीड लागली होती. पॅरिसमधील इंग्लिश राजदूत सर एडवर्ड स्टॅफर्ड हा जुगारात बुडालेला होता. लंडनहून हाकलला गेलेला मेंदोसा आता पॅरिसमध्येच स्पेनचा राजदूत होता. जानेवारी १५८७ पासून स्टॅफर्ड पैसे घेऊन त्याला बातम्या देऊ लागला. कादिझवरील मोहिमेचा इशारा या मार्गाने स्पेनला मिळाला, पण तो हल्ल्यानंतरच पोहोचला. आर्मेडा मोडली असून तिचे भय उरलेले नाही, अशा आशयाची पत्रे स्टॅफर्डने १५८८ च्या आरंभी लंडनला धाडली. तेव्हा त्याचा मेव्हणा असलेला नौसेनापती लॉर्ड हॉवर्ड यालाही ती बुचकळ्यात टाकणारी वाटली.

तथापि एकट्या स्टॅफर्डच्या माथी दोष मारणे योग्य होणार नाही. स्पेनचा नेदर्लंड्समधील सुभेदार पार्माचा ड्यूक याच्याशी १५८८ च्या वसंत ऋतूत तहाची बोलणी चालू होती, आरमार सज्ज ठेवण्याचा खर्च राणीस परवडत नव्हता आणि युद्ध टळावे अशी तिची मनापासून इच्छा होती. साहजिकच, धीर देणाऱ्या बातम्यांना दरबारात लवकर गिऱ्हाईक मिळे. आर्मेडा येणार हे वॉल्सिंगहॅम सांगत होता, पण केव्हा येणार व कोठे उतरणार हे त्यालाही ठाऊक नव्हते. फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर पार्माच्या सैन्यास सोबत घेऊन मग खाडी ओलांडायची, हा फिलिपचा बेत लंडनला निश्चितपणे कळलेला नव्हता. गंमत अशी, की सुमारे १३० जहाजे व ३०,००० माणसे यांची तपशीलवार यादी स्पेननेच मे १५८८ मध्ये लिस्बन येथे छापून प्रसिद्ध केली. दरारा बसावा हा त्यामागील हेतू होता. तिची एक प्रत राणीचा प्रधान लॉर्ड बर्ली याच्याकडे आली व त्याने तीवर स्वहस्ते टिपणे केली. ज्या संख्येसाठी हेरांनी प्राण धोक्यात घातले, ती अखेरीस छापील कागदावर उपलब्ध झाली. १९ जुलै १५८८ रोजी आर्मेडा कॉर्नवॉलच्या टोकाजवळ आली, तेव्हा ती प्रथम दिसली टेहळणीवरील एका लहान जहाजाच्या कप्तानाला. इंग्लिश आरमार त्या वेळी प्लिमथ बंदरात शिधा भरीत होते.

स्पेनची यंत्रणा : फिलिपकडे पैसा व राजदूत अधिक होते आणि तो प्रत्येक कागद स्वतः वाचून समासात शेरे लिही. परंतु सर्व वार्तांचा निवाडा एस्कोरियलमधील एकाच मेजावर होत असल्याने विलंब अटळ होता. पॅरिसहून माद्रिदला पत्र जाण्यास दोनएक आठवडे लागत. त्यातच मेंदोसा जवळजवळ आंधळा झालेला होता आणि इंग्लंडमधून घालविल्याचा सल त्याच्या मनातून गेलेला नव्हता. ऑगस्ट १५८८ मध्ये आर्मेडा जिंकल्याच्या अफवा कानी येताच त्याने त्या खऱ्या मानून राजाला कळविल्या व विजयवार्ता छापूनही टाकली. स्टॅफर्डने तिला छापील उत्तर दिले. पैसे देणारा व घेणारा असे एकमेकांविरुद्ध पत्रके काढीत होते, हे या युद्धाच्या स्वरूपास साजेसेच होते.

गोव्यातील पडसाद : फिलिप १५८० पासून पोर्तुगालच्याही गादीवर हक्क सांगून तेथील राजा झाल्याने गोवा, चौल व वसई ही ठाणी त्याच्याच अमलाखाली आली. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, रॅल्फ फिच व त्यांचे दोन सोबती हे इंग्रज व्यापारासाठी निघाले असता होर्मूझ येथे पकडले गेले व गोव्यास कैदेत आणले गेले. पोर्तुगालच्या गादीचा दुसरा हक्कदार दोम आंतोनियो याचे ते हेर आहेत, हा त्यांवरील आरोप होता. ड्रेकने मलुकू बेटांकडे केलेल्या सफरीचाही जाब त्यांना विचारण्यात आला. पुढे क्रिस्तपुराण या मराठी काव्याचा कर्ता म्हणून प्रसिद्धीस आलेला जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स हा १५७९ पासून गोव्यात होता. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने मध्यस्थी करून त्यांची जामिनावर सुटका करविली. एप्रिल १५८४ मध्ये न्यूबेरी व फिच विजापूरकडे निसटले.

ज्याच्यावर कोणीच संशय घेतला नाही, तो तरुण डच यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन त्याच काळात गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याने पोर्तुगीज खलाशांच्या मार्गदर्शिका, वारे, बंदरे व मालाचे भाव यांची माहिती जमवून १५९५-९६ मध्ये हॉलंडमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तो कोणाचा नेमलेला हेर नव्हता, पण पौर्वात्य व्यापाराची पोर्तुगीजांची मिरासदारी मोडण्यास त्याचे ग्रंथ मोठ्या प्रमाणात उपयोगी पडले.

वॉल्सिंगहॅमनंतर : ६ एप्रिल १५९० रोजी वॉल्सिंगहॅम कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. यंत्रणा त्याच्या घराशी बांधलेली असल्याने तिची वाताहत झाली. हेर बर्ली व त्याचा मुलगा रॉबर्ट सेसिल आणि त्यांचा प्रतिस्पर्धी एसेक्सचा अर्ल यांच्यात वाटले गेले. बातमीचा उपयोग आता शत्रूपेक्षा दरबारी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध होऊ लागला. राणीचा वैद्य रोद्रीगो लोपेझ यास विषप्रयोगाच्या कटाबद्दल १५९४ मध्ये देहदंड झाला. तो कट खरा होता का, याविषयी आज बहुतेक अभ्यासक साशंक आहेत. ऑक्टोबर १५९७ मध्ये शंभराहून अधिक जहाजांचे स्पॅनिश आरमार इंग्लंडच्या दिशेने निघाले, तेव्हा इंग्लिश आरमार अझोर्स बेटांच्या मोहिमेवर होते व या हालचालीचा इंग्लंडला वेळीच सुगावा लागला नाही. वादळाने ते आरमार उधळले, एवढेच. युद्ध संपल्यावर स्पेनने इंग्लंडच्या अनेक मंत्र्यांना वर्षासने सुरू केली. सेसिल हा त्यांपैकी एक होता.

साधने व मतभेद : वॉल्सिंगहॅमच्या मृत्यूनंतर त्याच्या खाजगी दप्तराचा बराच भाग नाहीसा झाला. त्यामुळे त्याच्या हेरांची जी चित्रे आज रंगविली जातात, ती विखुरलेल्या पत्रांवरून जुळविलेली आहेत. लंडनमधील फ्रेंच वकिलातीतून कागद फोडणारा फितूर कोण, या प्रश्नावर जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाकडे बोट दाखविण्यात आले, परंतु ते मत सर्वमान्य झाले नाही. स्टॅफर्डची गोष्ट उघडकीस आली ती सिमांकास येथील स्पॅनिश दप्तरखान्यातील पत्रांवरून. त्यांत त्याच्यासाठी ‘हूलिओ’ हे सांकेतिक नाव योजलेले आहे. लंडनच्या संमतीनेच तो मेंदोसाला खोट्या बातम्या पुरवीत असावा, असेही काहींचे म्हणणे आहे. तथापि त्याने दिलेल्या बातम्यांपैकी काही इतक्या खऱ्या व घातक होत्या, की हे समर्थन पटणे कठीण जाते. त्याला कोणतीही शिक्षा झाली नाही. तो मायदेशी परतला, पार्लमेंटचा सभासद झाला आणि १६०५ मध्ये वारला.